गाळ आधी भाजा, मग सिमेंटमध्ये घाला : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

बंदर, खाडी, तलाव यांतून उपसलेला गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न जुनाच आहे. तो काँक्रीटमध्ये सिमेंटच्या काही भागाऐवजी वापरता येईल का, अशी विचारणा करणारी पत्रे अलीकडे बरीच आली. त्यांतली सात येथे घेतली आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

बंदराच्या ड्रेजिंगचा गाळ आम्हाला जवळजवळ फुकट मिळतो. उन्हात वाळवून, बारीक चाळून सिमेंटमध्ये दहा टक्के मिसळला तर चालेल का? कंपाउंड वॉलचे फुटिंग आणि पेव्हर ब्लॉक अशी कामे आहेत.
– बांधकाम ठेकेदार, उरण

नाही. तुम्ही दहा टक्के सिमेंट वाचवले असे समजाल, पण प्रत्यक्षात काँक्रीटमध्ये दहा टक्के माती घातलेली असेल.

सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना मोकळा होतो. फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्रातली राख) किंवा मेटाकाओलिन (भाजलेली केओलिन माती) या चुन्याशी हळूहळू अभिक्रिया करून आणखी बंधक तयार करतात, म्हणून ते सिमेंटची जागा काही प्रमाणात घेऊ शकतात. कच्च्या गाळातही सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर असते, पण ते चिकणमातीच्या स्फटिकांत घट्ट बांधलेले असते. काँक्रीटच्या हयातीत ते चुन्याच्या हाती फारसे लागत नाही. गाळ साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजला की मातीच्या थरांतले रासायनिक पाणी निघून जाते, स्फटिकरचना विस्कटते आणि तीच माती अभिक्रियेला तयार होते.

कच्चा गाळ निरुपयोगी आहे एवढ्यावरही भागत नाही, तो अपाय करतो. त्यातली फुगणारी चिकणमाती पाणी पिते. तेवढाच स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) मिळवायला साइटवर पाणी वाढवले जाते, ताकद उतरते आणि सुकताना आकुंचनाच्या भेगा पडतात. पीसीई प्रकारचा प्लॅस्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट सैल ठेवणारे रसायन) तर ही माती आपल्या थरांमध्ये ओढूनच घेते, डोस दुप्पट करूनही गुण येत नाही. कुजका सेंद्रिय भाग सेटिंग लांबवतो. समुद्राचा गाळ असेल तर त्यात मीठही आले. नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भाग तीन टक्क्यांवर नको, असे आयएस ३८३ हे भारतीय मानक सांगते, ते याच कारणासाठी.

तुमच्या गाळात वाळूचा अंश बराच असेल तर मात्र एक सोपा मार्ग आहे. पाण्याच्या जोरदार धारेखाली ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊन बघा. निम्म्याहून अधिक माल चाळणीवर राहिला, तर तो वेगळा काढून, मीठ धुऊन, ग्रेडिंग आणि क्लोराइड तपासून वाळू म्हणून वापरता येतो. हॅम्बुर्ग बंदरात १९९३ पासून चालणारा प्रकल्प गाळातून वाळू अशीच यंत्राने वेगळी करतो. चाळणीखाली उरलेल्या चिखलासाठी पुढची उत्तरे वाचा.

आमच्या अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी खाडीतला गाळ घेतला आहे. तो सिमेंटऐवजी चालेल की नाही हे कोणत्या क्रमाने तपासावे? कॉलेजात मफल फर्नेस, बॉल मिल आणि क्यूब टेस्टिंग मशिन आहे.
– सिव्हिल अभियांत्रिकीचे विद्यार्थी, रत्नागिरी

एवढ्या साधनांत चांगले काम होते. खनिजांसाठी एक्स-रे डिफ्रॅक्शन तेवढे बाहेरून करून घ्या. तेही न जमल्यास पुढच्या चाचण्या निकाल देतातच, फक्त 'का' ते नीट कळणार नाही.

नमुने निदान पाच-सहा जागांवरून आणि वेगवेगळ्या खोलीवरून घ्या. आधी वेगळे तपासा, नंतरच एकत्र करा. खाडीच्या तोंडाजवळ वाळू, आत चिखल आणि धक्क्यालगत तेलकट काळा थर, असे चित्र नेहमीचे असते. सगळे एकत्र केल्यावर मिळणारा निकाल त्यातल्या कुठल्याच जागेचा नसतो.

नमुना १०५ अंशाला २४ तास वाळवा, शंख-शिंपल्या चाळून काढा आणि ढेकळे फोडा. सेंद्रिय भाग मोजताना बहुतेक जण ५५० अंशाला वजनातली घट बघतात. पण केओलिनाइट हे चिकणमातीतले खनिज ४५० च्या पुढे स्वतःचे पाणी सोडू लागते, त्यामुळे ती सगळी घट सेंद्रिय धरली तर आकडा फुगतो. आधी ४५० पर्यंतची घट नोंदवा, मग पुढची वेगळी.

आता भाजणे. ६५०, ७००, ७५०, ८०० आणि ८५० अशा पाच तापमानांना प्रत्येकी दोन तास भाजा. थर पसरट भांड्यात एक ते दीड सेंटिमीटरच ठेवा. खोल क्रुसिबल भरून भाजले की वरचा भाग तांबूस आणि पोटातला काळा निघतो. तो काळा भाग म्हणजे अर्धवट जळालेला कार्बन, आणि तोच पुढे प्लॅस्टिसायझर शोषतो. भाजल्यावर भट्टीत ठेवून सावकाश थंड करू नका, बाहेर काढून पातळ पसरा. ९०० च्या पुढे जायचे नाही, कारण विस्कटलेली रचना पुन्हा नव्या स्फटिकांत बांधली जाऊ लागते आणि अभिक्रियाशीलता घसरते. केओलिनाइट जास्त असेल तर ७०० ते ७५० पुरते, स्मेक्टाइट या फुगणाऱ्या मातीच्या खनिजाला ८०० च्या आसपास जावे लागते, इलाइट या तिसऱ्या खनिजाला त्याहूनही वर आणि तरी फळ कमीच. शिंपल्यांचा चुरा उरला असेल तर ७५० च्या वर आणखी एक भानगड सुरू होते. कॅल्साइट फुटून कळीचा चुना बनतो आणि तो काँक्रीटमध्ये उशिरा फुलला तर भेगा पाडतो. म्हणून ले-शातेलिए साच्याची साउंडनेस चाचणी (घट्ट झाल्यावर माल फुगतो का ते पाहणारी) चुकवू नका, प्रसरण १० मिलिमीटरच्या आत हवे.

भाजलेला माल बॉल मिलमध्ये दळून ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओला चाळा. राहिलेला भाग १५ ते २० टक्क्यांच्या खाली आणा. ब्लेनच्या आकड्यावर (भुकटीतून हवा सोडून काढलेला बारीकपणा) भिस्त ठेवू नका, मातीच्या पापुद्र्यांमुळे तो उगाच मोठा येतो.

मुख्य चाचण्या आयएस १७२७ मधल्या दोन. पहिली चुन्याशी अभिक्रियेची : विरलेला चुना १५० ग्रॅम, भाजलेला गाळ ३०० गुणिले एम ग्रॅम, स्टँडर्ड वाळू १३५० ग्रॅम. एम म्हणजे गाळाचे विशिष्ट गुरुत्व भागिले चुन्याचे. गाळ २.६० आणि चुना २.२४ असेल तर गाळ ३४८ ग्रॅम येतो. ५० मिलिमीटरचे क्यूब आधी दोन दिवस २७ अंशाला, नंतर आठ दिवस ५० अंशाला दमट हवेत ठेवून फोडायचे. फ्लाय ॲशसाठी आयएस ३८१२ किमान ४.५ मेगापास्कल मागते. तोच आकडा तुम्ही उंबरठा माना.

दुसरी चाचणी सिमेंटसोबत. प्रमाण ०.२ एन : ०.८ : ३ असते. एन म्हणजे गाळ आणि सिमेंट यांच्या विशिष्ट गुरुत्वांचे गुणोत्तर. २.६० भागिले ३.१५ म्हणजे ०.८२५, म्हणून सिमेंट ४०० ग्रॅमला गाळ ८२.५ ग्रॅम आणि वाळू १५०० ग्रॅम. पाणी फ्लो टेबलवर मॉर्टरची पसरण १०५ अधिक-उणे ५ टक्के येईल इतके. २८ दिवसांची ताकद साध्या १ : ३ मॉर्टरच्या ८० टक्क्यांवर आली, तर गाळ फ्लाय ॲशच्या रांगेत बसला.

याशिवाय एक तिसरा संच करा, जो बहुतेक प्रोजेक्टांत नसतो. गाळाच्या जागी तितकीच बारीक दळलेली क्वार्ट्झची भुकटी घाला. क्वार्ट्झ काहीच अभिक्रिया करत नाही, पण नुसत्या बारीकपणामुळे सिमेंटच्या कणांना जागा देऊन थोडी ताकद वाढवते. गाळाचा क्यूब क्वार्ट्झच्या क्यूबइतकाच आला, तर तुमचा गाळ पोझोलाना (चुन्याशी अभिक्रिया करून बंधक बनवणारी भुकटी) नाही, नुसती भर आहे. ८० टक्क्यांचा आकडा गाठूनही हे घडते. सात दिवसांवर निकाल जाहीर करू नका. २८ आणि जमल्यास ९० दिवसांचे क्यूब ठेवा.

गाळ भाजायचाच असेल तर आमच्या वीटभट्टीत भाजता येईल का? भट्टी वर्षातले चार-पाच महिने रिकामीच असते.
– वीट उत्पादक, कराड

सुरखीची आठवण असलेल्यांना हा विचार सुचणारच. भाजलेल्या मातीची भुकटी चुन्यात घालून आपल्याकडे शतकानुशतके बांधकाम झाले. १८९५ साली पूर्ण झालेले मुल्लपेरियार धरणही चुना आणि सुरखीचेच. पण टिकाऊ काँक्रीटला लागणारा माल वीटभट्टी देत नाही.

अडचण तापमानाची आहे. भट्टीत एका बाजूला ७०० आणि दुसरीकडे १००० च्या पुढे, असे सर्रास असते. विटेला ते चालते, कमी भाजलेली वीट वेगळी काढता येते. गाळाच्या भुकटीत मात्र कच्चा आणि जळालेला भाग मिसळून जातो आणि नंतर वेगळा करता येत नाही. शिवाय कोळशाची राख आणि गंधक मालात उतरतात. काम करायचेच असेल तर गाळ पाच मिलिमीटरच्या आत फोडून फिरत्या भट्टीतून न्यावा, मालाच्या आतले तापमान थर्मोकपलने सतत पाहावे. सेंद्रिय भाग जास्त असेल तर तो स्वतःच पेट घेतो आणि मालाचे तापमान नेमलेल्या आकड्याच्या पुढे ढकलतो, तेव्हा इंधन कमी करावे लागते. फ्रान्समध्ये माती अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात गरम वायूच्या झोतात भाजण्याची पद्धत आहे. गाळावरही ती करून पाहिली गेली आहे. आपल्याकडच्या लहान उद्योजकाला ती आज झेपणारी नाही.

इंधनाचा हिशेब मात्र आधी करा. ताज्या गाळात एक टन कोरड्या मातीमागे सहज एक टन पाणी असते. २५ अंशाचे एक किलो पाणी वाफ होऊन जायला सुमारे २.५७ मेगाज्यूल लागतात. म्हणजे टनाला २५७० मेगाज्यूल. ४५०० किलोकॅलरीचा कोळसा धरला तर जवळजवळ १३७ किलो, आणि तेही उष्णता कणभर वाया न जाता! भाजण्याचा खर्च यापुढे सुरू होतो. म्हणून नोव्हेंबर ते मे गाळ पातळ थरात उन्हात वाळवून पाणी दहा टक्क्यांवर आणणे हीच खरी बचत. ज्यांच्याकडे पसरायला जागा नाही त्यांनी या धंद्यात न पडलेले बरे.

जेट्टीच्या कामात समुद्रातला गाळ भाजून वापरण्याचा प्रस्ताव आमच्यासमोर आहे. भाजताना मीठ उडून जाते, असे पुरवठादार म्हणतो. सळईला धोका नाही ना?
– स्ट्रक्चरल कन्सल्टंट, मालवण

पुरवठादाराचे म्हणणे मान्य करू नका. मीठ वितळतेच ८०१ अंशाला. ७५० ते ८०० ला दोन तास भाजून त्यातले बरेचसे जागच्या जागी राहते, आणि जे थोडे उडते ते भट्टीच्या थंड भागात जाऊन चिकटते, थर धरते. मीठ काढायचे ते भाजण्याआधी, पाण्याने.

आकडे मांडून पाहू. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. गाळात कोरड्या मातीइतकेच पाणी धरले तर वाळल्यावर त्यात १.९ टक्के क्लोराइड उरते. घनमीटरमागे ३८० किलो बंधकातले २० टक्के, म्हणजे ७६ किलो गाळ घातला, तर क्लोराइड १.४४ किलो. आयएस ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटमध्ये सगळे घटक मिळून मर्यादा आहे घनमीटरला ०.६ किलो. म्हणजे नुसता गाळच मर्यादेच्या दुपटीहून अधिक आणतो.

आता धुण्याचे गणित. एक किलो कोरड्या मातीला तीन लिटर गोडे पाणी घालून ढवळले आणि पुन्हा आधीइतकेच पाणी राहील असे निथळले, तर मीठ दर धुण्याला चौथ्या हिश्शावर येते. पहिल्या धुण्यानंतर ०.४८, दुसऱ्यानंतर ०.१२, तिसऱ्यानंतर ०.०३ टक्के. दोन धुणी पुरतील असे वाटेल. पण उरलेले घटकही बघा. सिमेंटला ०.१ टक्क्यापर्यंत क्लोराइडची मुभा आहे, ३०४ किलोला ते ०.३० किलो. पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, त्याचे सुमारे ०.०८ किलो. दोन धुण्यांचा गाळ ०.०९ किलो आणतो. बेरीज ०.४७ झाली आणि वाळू, खडी, ॲडमिक्स्चर अजून बाकी आहेत. समुद्राचे क्लोराइड आयुष्यभर बाहेरून आत येणारच आहे, तेव्हा आतली शिल्लक अशी आधीच संपवून चालणार नाही. फ्लाय ॲशला असलेली ०.०५ टक्क्याची अट गाळालाही लावा. मग तिसरे धुणे आलेच.

येथे एक गंमत होते, आणि पहिल्यांदा धुणारे सगळे तिच्यात अडकतात. खाऱ्या पाण्यात चिखल झटकन बसतो, कारण मीठ मातीच्या कणांना एकमेकांना चिकटू देते. मीठ कमी झाले की तेच कण सुटे होऊन पाण्यात तरंगत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतर टाकी दिवसेंदिवस गढूळच दिसते आणि निथळताना नेमकी सगळ्यात बारीक, म्हणजे सगळ्यात कामाची माती वाहून जाते. थोडी चुन्याची निवळी घातली तर कॅल्शियममुळे कण पुन्हा गोळा होतात. क्षाराने क्षार घालवू पाहत कॅल्शियम क्लोराइड मात्र घालू नका. मोठ्या कामाला फिल्टरप्रेसच (चिखल दाबून पाणी काढणारे यंत्र) हवा. पाणी वाचवायला शेवटच्या धुण्याचे पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरा.

कोकणातल्या पावसावर सोडून दिले तर? उंच ढिगाऱ्यात पाऊस वरच्या वीतभर थरापलीकडे उतरत नाही, वरूनच वाहून जातो. तीस सेंटिमीटरचा थर अंथरून मधूनमधून उलथवला तर पावसाळ्यात चांगला फरक पडतो, पण मोजल्याशिवाय 'धुतला गेला' म्हणू नका. मोजताना आम्लात विरघळणारे एकूण क्लोराइड मागा. पाण्यात विरघळणाऱ्याचा आकडा कमी येतो आणि पुरवठादार तोच दाखवतो.

आणखी एक खूण नाकाने ओळखायची. खाडीच्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर त्यात लोहाचे सल्फाइड आहे. उघड्यावर वाळताना ते सल्फेट आणि आम्ल बनते, भाजताना धुराड्यातून सल्फर डायऑक्साइड सोडते. असा गाळ धुतला तरी सल्फेट तपासूनच घ्या.

एवढे सगळे पाळले तर मात्र जेट्टीसाठी भाजलेला गाळ वाईट नाही. चुना वापरला जाऊन छिद्रे बारीक होतात आणि ॲल्युमिना काही क्लोराइड रसायनात बांधून ठेवतो. स्वीकृतीसाठी ५६ दिवसांची क्लोराइड शिरकावाची चाचणी लावा. सहा तासांत काँक्रीटमधून गेलेला विद्युतभार १००० कुलंबच्या आत आला तर उत्तम, २००० च्या वर गेला तर त्या मिश्रणाने सिमेंट वाचवले पण सळई वाचणार नाही.

आमच्या आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटवर २० टक्के भाजलेल्या गाळाची एम३० (२८ दिवसांना ३० मेगापास्कल ताकदीची) ट्रायल घ्यायची आहे. सुरुवातीचे प्रमाण सांगाल का? पहिल्या प्रयत्नात स्लम्प अर्ध्या तासात बसला.
– क्वालिटी कंट्रोल विभाग, नवी मुंबई

किनारी हवेतले काम धरून, घनमीटरमागे आतून पाणी प्यायलेल्या पण वरून कोरड्या खडीवाळूवर : ओपीसी (साधे पोर्टलँड सिमेंट) ५३ ग्रेड ३०४ किलो, भाजलेला गाळ ७६ किलो, पाणी १६३ लिटर, पीसीई एक टक्का म्हणजे ३.८ किलो, २० मिलिमीटरपर्यंतची बेसाल्टची खडी १२३३ किलो, क्रशसॅन्ड ७१६ किलो. खडीचे विशिष्ट गुरुत्व २.८५, क्रशसॅन्डचे २.७०, हवा एक टक्का धरली आहे. तुमच्या आकड्यांनी दुरुस्त करा.

स्लम्प बसतो, कारण भाजलेल्या मातीचे पृष्ठफळ मोठे आहे आणि ती सुरुवातीलाच पाणी व प्लॅस्टिसायझर दोन्ही धरते. उपाय क्रमाने करा. आधी गाळात उरलेला कार्बन तपासा. भुकटी काळपट असेल तर दोष भट्टीचा आहे आणि डोस वाढवून तो झाकू नका. नंतर पीसीईचा स्लम्प टिकवणारा प्रकार घ्या, दोन हप्त्यांत घाला. दुसरा हप्ता मिक्सरमध्ये दोन मिनिटे झाल्यावर. सोबत सोडियम ग्लुकोनेट बंधकाच्या ०.०३ ते ०.०५ टक्के. स्लम्प ०, ३०, ६० आणि ९० मिनिटांना मोजा.

साइटवर ट्रकमध्ये पाणी सोडू देऊ नका, हे सगळ्यांनाच माहीत असते. येथे आकडा सांगतो तो लक्षात ठेवा : घनमीटरला दहाच लिटर जास्त गेले तर पाणी-बंधक गुणोत्तर ०.४३ वरून ०.४५५ होते आणि तीव्र परिस्थितीची ०.४५ ची मर्यादा ओलांडली जाते.

सगळ्यात महागात पडणारी चूक पिशवीवर लिहिलेली असते आणि कुणी वाचत नाही. बाजारातले बरेचसे सिमेंट पीपीसी (पोझोलाना मिसळलेले) आहे. त्यात फ्लाय ॲश ३५ टक्क्यांपर्यंत असू शकते. त्यावर आणखी २० टक्के गाळ म्हणजे ओपीसीचा वाटा ५२ टक्क्यांवर. सुरुवातीची ताकद रेंगाळते, शटरिंग काढायला उशीर होतो, आणि चुना इतका कमी उरतो की हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत सरकतो. गाळ फक्त ओपीसीसोबत वापरा. क्युरिंग किमान दहा दिवस, कोरड्या-गरम हवेत चौदा. पोझोलानाच्या काँक्रीटला क्युरिंग चुकवले तर साध्या सिमेंटपेक्षा जास्त तोटा होतो.

गोव्यातल्या नदीचा गाळ भाजला तर तो विटेसारखा लाल झाला. हा दोष आहे का? खाणींमुळे यात लोह भरपूर आहे. धातूंचे काय?
– प्रयोगशाळा सहायक, पणजी

लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. ताकदीला त्याने बाधा येत नाही, पण लोह जितके जास्त तितकी कामाची माती कमी, म्हणून अभिक्रियेची चाचणी पहिल्यांदा करा. जांभ्या दगडातून आलेल्या मातीत केओलिनाइट असते, ही तुमची जमेची बाजू. ग्राहकाला राखाडीच हवा असेल तर माल प्राणवायू कमी असलेल्या वातावरणात थंड करावा लागतो. उघड्या हवेत गरम माल काढला की पुन्हा लाल.

धातूंबाबत मोठा गैरसमज आहे. भाजल्याने धातू नाहीसे होत नाहीत. पारा उडून हवेत जातो, क्रोमियम तर ऑक्सिजनमध्ये भाजल्यावर सहा संयुजेच्या, जास्त विरघळणाऱ्या आणि विषारी रूपात जाऊ शकते. म्हणून पाण्यात विरघळण्याची चाचणी कच्च्या गाळावर करून थांबू नका. भाजलेल्या भुकटीवर आणि काँक्रीटच्या चुऱ्यावरही करा. गोदीतल्या गाळात जहाजाच्या रंगातले तांबे आणि जस्त सापडते. जस्त सिमेंटचे सेटिंग तासन्‌तास लांबवते. सेटिंग विनाकारण उशिरा होत असेल तर आधी तेच शोधा.

धरणातला गाळ यासाठी का वापरत नाही? आमच्या तालुक्यात तर डोंगर पडलेत. आणि परदेशात हे खरोखर कुठे चालते का? टेंडरमध्ये बसवायचे कसे?
– निवृत्त उपअभियंता, अहिल्यानगर

धरणातला सुपीक गाळ भट्टीत घालणे आम्हाला पटत नाही. २०१७ मध्ये राज्याने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू केली. हलक्या, मुरमाड रानावर तो गाळ पसरल्याने होणारा फायदा काँक्रीटमधल्या २० टक्क्यांपेक्षा मोठा आहे. शिवाय दख्खनच्या काळ्या मातीचा गाळ बहुतांशी स्मेक्टाइटचा. तो भाजता येतो, पण केओलिनाइटच्या तुलनेत फळ कमी मिळते. शेताला नको असलेला, खारा किंवा शहराच्या सांडपाण्याने बिघडलेला गाळ हाच यासाठी योग्य.

परदेशात पाहायचे तर ॲन्टवर्प बंदर. तेथे २०११ पासून ड्रेजिंगचा गाळ जलवाहिनीने आणून वाळू वेगळी करतात, उरलेला चिखल मोठ्या फिल्टरप्रेसमध्ये दाबून त्याच्या वड्या रचून ठेवतात. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधल्या संशोधकांनी असा गाळ भाजून सिमेंटमध्ये तपासला आहे. डंकर्क बंदरात गाळ रस्त्याच्या थरांत वापरला गेला. रस्त्याचा पाया हा रोज चालणारा उपयोग आहे, सिमेंटची जागा घेणारा गाळ मात्र अजून बहुधा प्रयोगशाळा आणि प्रायोगिक कामांतच आहे. कोणी तुम्हाला 'युरोपात सगळीकडे वापरतात' म्हणून माल विकू पाहील तर त्याला भाजलेल्या मालाचा बॅचवार अहवाल विचारा.

टेंडरचे म्हणाल तर 'गाळ' असे नाव घालू नका. भाजलेल्या चिकणमातीच्या पोझोलानाला आयएस १३४४ आहे आणि तिच्यापासून बनलेल्या पीपीसीला आयएस १४८९ चा दुसरा भाग, त्यात १० ते २५ टक्क्यांची मुभा आहे. भाजलेली माती आणि चुनखडी एकत्र असलेल्या सिमेंटसाठी २०२३ मध्ये आयएस १८१८९ आले. गाळ आयएस १३४४ च्या सर्व अटी पुरवत असेल तर त्या नावाने स्वीकारता येतो, मात्र साइटवर मिसळायला कार्यभारी अभियंत्याची लेखी मान्यता घ्या. प्रत्येक बॅचला अभिक्रिया, ४५ मायक्रॉन, क्लोराइड आणि सल्फेट असे चार आकडे मागा. ड्रेजर जागा बदलतो तेव्हा गाळही बदलतो, म्हणून नव्या जागेचा पहिला माल आला की २८ दिवसांचे क्यूब नव्याने भरा आणि निकाल हाती येईपर्यंत तो माल फक्त सळई नसलेल्या कामात वापरा.